इंजिन नको, टब बनवा

रेल्वेचं मॉडेल करायला घेणारा माणूस इंजिनापासून सुरुवात करतो आणि दहापैकी नऊ वेळा इंजिनापाशीच थांबतो. चिमणी, घुमट, पितळी पट्ट्या, नावाची पाटी. कपाटात ठेवलं की पाहुणे ‘वा!’ म्हणतात. हौस म्हणून ठीक आहे, माझी काही हरकत नाही. पण खाणीतली रेल्वे करायची असेल तर इंजिन शेवटी करावं, किंवा करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी टब करावा. टब म्हणजे कोळसा भरायची चार चाकांची छोटी गाडी. देशातल्या बहुतेक कोळसा खाणींत तिला हेच नाव आहे, आंघोळीशी त्याचा संबंध नाही.

सध्या पोस्टिंग अप्पर आसामात आहे. नेमकं ठिकाण लिहीत नाही, त्याचं कारण माजी सैनिकांना सांगायला नको. तिनसुकियाहून पूर्वेला निघालं की डिग्बोई, मार्गेरिटा आणि मग लेडो लागतं. लेडो हे नाव फौजेत सगळ्यांच्या कानावरून गेलेलं असतं. स्टिलवेल रोड इथूनच सुरू होतो. डिसेंबर १९४२ मध्ये अमेरिकन इंजिनिअरांनी इथून बर्माच्या दिशेने रस्ता काढायला घेतला आणि जानेवारी १९४५ मध्ये चीनकडे जाणारा पहिला ताफा इथून सुटला. पर्यटक त्या रस्त्याच्या पाटीजवळ फोटो काढतात आणि परत जातात.

पण त्या रस्त्याच्या साठ वर्षं आधीपासून इथे रूळ आहेत. आसाम रेल्वेज अँड ट्रेडिंग कंपनी १८८१ साली स्थापन झाली. तिने डिब्रूगडला ब्रह्मपुत्रेच्या काठापासून मीटर गेजचा मार्ग टाकला, १८८२ पासून तो टप्प्याटप्प्याने चालू झाला. चहा आणि कोळसा नदीवरच्या आगबोटींपर्यंत पोचवायचा, हा त्यामागचा हिशोब. मुख्य मार्ग मीटर गेजचा, पण खाणींच्या तोंडापाशी आणि खाणींच्या आत दोन फुटी रूळ. आपल्याकडे माथेरानची गाडी ज्या गेजवर १९०७ पासून चढते, तोच हा गेज, ६१० मिलिमीटर.

लेडोच्या पुढे टिपाँग म्हणून खाण आहे. तिथे दोन फुटी रुळांवर वाफेची इंजिनं एकविसाव्या शतकातही चालत होती. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डच्या बॅग्नल कारखान्याची चार चाकी इंजिनं आणि त्यांच्या जोडीला दार्जिलिंगच्या डोंगरगाडीच्या ‘बी’ वर्गातलं जुनं इंजिन. ती बघायला परदेशातून लोक विमानाने यायचे, हजारो फोटो काढायचे. त्या इंजिनांचे फोटो, आराखडे, मॉडेलं सगळं जगात उपलब्ध आहे. बॅग्नलच्या छोट्या इंजिनांवर पुस्तकं आहेत. त्यांच्यामागे जोडलेल्या टबांचं मात्र कुठे काही नाही. फोटोत टब दिसतो तो इंजिनाच्या मागे, अर्धा कापलेला.

आता टब कुठे दिसतात? एक झुडपात उलटा पडलाय, त्याच्या तळातून केळ वर आलीय. दोन एका फाटकाच्या दोन्ही बाजूंना कुंड्या म्हणून ठेवलेत. फौजेत एक म्हण आहे, जे हलतं त्याला सलाम करा, जे हलत नाही त्याला गेरू-चुना लावा. ती फक्त फौजेपुरती नाही हे या कुंड्या बघून कळलं. वरून लाल, काठाला पांढरा पट्टा, आत झेंडू. बाकीचे टब भंगारात गेले, अजून जातात. इंजिन भंगारात जायला निघालं की कोणीतरी पत्र लिहितं, बातमी येते. टब किलोवर जातो आणि कोणालाही चुकल्यासारखं वाटत नाही.

मॉडेलबद्दल फौजी माणसाला दोन गोष्टी माहीत असतात. पहिली मेमेंटो. बदली झाली, निवृत्ती आली, युनिटला भेट दिली की लाकडी पाटावर बसवलेला पितळी रणगाडा किंवा तोफ मिळते. आरशासारखी चकचकीत. माझ्या घरीही आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे, पण त्यातल्या एकाही तोफेवरून ती कशी चालते हे कोणाला समजणार नाही. ब्रीच उघडत नाही, चाकं फिरत नाहीत, प्रमाण तर विचारूच नका. त्याचं काम आठवण देणं आहे आणि ते काम ती करते.

दुसरी गोष्ट सँड मॉडेल. कारवाईच्या आधी जमिनीवर माती, वाळू, भुसा, रंगीत पावडर, दोऱ्या घेऊन केलेला प्रदेशाचा नमुना. तो सुंदर नसतो. पण नाला जिथे आहे तिथेच असतो, कारण नाला दोन बोटं सरकला तर उद्या पहाटे सेक्शन उघड्यावर सापडेल. काय दाखवायचं आणि काय गाळायचं हे उस्ताद एकाच कसोटीवर ठरवतात. या मापावर कोणाचं काही अवलंबून आहे का? असेल तर ते माप बरोबर हवं. नसेल तर झाडं मोजत बसू नका.

टबाला हीच कसोटी लावा. कुठल्या मापावर माणसाचं काही अवलंबून होतं?

पहिलं माप पेटीच्या आतलं. कोळसा भरणाऱ्याला दिवसाची नव्हे, टबाची मजुरी मिळायची. म्हणजे टब ही गाडी होती तसंच ते मापही होतं, आपल्याकडच्या पायलीसारखं. पायली कोणाची आणि केवढी, यावर गावात भांडणं व्हायची, तशीच टबावरून झरिया-राणीगंजकडे व्हायची. तक्रार अशी की टब मोठा आहे आणि पैसे जुन्याच टबाचे मिळतात. मी एक हिशोब मांडतो. समजा टब आतून ४ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि अडीच फूट खोल आहे. २५ घनफूट झाले. सैल भरलेला कोळसा घनफुटाला ५० पौंड धरा. साडेबाराशे पौंड, म्हणजे सुमारे ५६७ किलो. आता दुरुस्तीच्या वेळी कोणी बाजूच्या फळ्या फक्त २ इंच उंच केल्या, तर दर टबामागे जवळजवळ ३८ किलो कोळसा जास्त जातो. चार टब भरणाऱ्या माणसाने दिवसाला दीडशे किलो कोळसा फुकट उचलला. पाठीने, फावड्याने, कंदिलाच्या उजेडात.

हे २ इंच मॉडेलमध्ये किती होतात? मी वापरतो त्या प्रमाणात पावणेतीन मिलिमीटरच्या आत. मॉडेल करणारा सहज म्हणेल, ‘डोळ्याला छान दिसतंय, थोडं उंच राहू दे.’ त्या ‘थोडं’मध्ये ३८ किलो आहेत. म्हणून माझा आग्रह असा, की टबाची बाहेरची सजावट राहिली तरी चालेल, आतली तीन मापं चुकता कामा नयेत.

दुसरं माप दोन टबांमधल्या फटीचं. टबाच्या दोन्ही टोकांना आडवे ओंडके किंवा लोखंडी ठोकळे असतात, त्यांना बफर म्हणायचं, पण त्यात स्प्रिंग नसते. मध्ये हूक आणि कड्यांची साखळी. टब जोडताना माणूस वाकतो, कडी उचलून हुकात टाकतो, आणि त्याच वेळी मागचा टब पुढे सरकला तर बफर बफरला भिडतो. कडी किती लांब, बफर किती पुढे आलेला, यावर त्या क्षणी हाताला किती जागा आहे हे ठरतं.

लेडोत एक म्हातारे गृहस्थ आहेत. आयुष्यभर हॉलेजवर काम केलेले, आजोबा बिहारमधून आलेले. आमचं बोलणं हिंदीत होतं, मी त्यांना चाचा म्हणतो. एका रविवारी अर्धवट झालेला टब रुमालात गुंडाळून त्यांना दाखवायला नेला. त्यांनी तो हातात घेतला आणि पहिल्यांदा उलटा केला. पेटीकडे बघितलंच नाही. आस, चाकं, बेअरिंग, मग ड्रॉबार. चाकाला बोट लावून फिरवलं. आसावरचं एक चाक घट्ट आणि दुसरं मोकळं फिरणारं आहे हे बघून मान हलवली. बऱ्याच टबांत अशी रचना असते, कारण वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आणि खाणीतली वळणं घरातल्या जिन्यासारखी असतात. मग त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं बफरच्या फटीजवळ धरून दाखवली. ती दोन बोटं पेरापर्यंतच होती. ते एवढंच म्हणाले, ‘एवढी जागा होती.’ मी व्हर्नियर काढला नाही. घरी येऊन माप वहीत लिहिलं.

तिसरी गोष्ट थांबवण्याची. इंजिनाला ब्रेक असतो, टबाला बहुतेक वेळा नसतो. उतारावर टब दोराने सोडतात आणि ओढतात. वर ड्रम असतो, त्याला हॉलेज म्हणतात. घंटीच्या तारेने इशारे जातात, चालू असताना एक ठोका म्हणजे थांबा. दोर तुटला किंवा कडी निसटली तर भरलेली टबांची माळ अंधारात खाली धावते, आणि त्याच वाटेवर माणसं चालत असतात. त्यासाठी वाटेच्या भिंतीत जागोजागी माणसाला घुसता येईल असे कोनाडे ठेवायचे, उताराच्या तोंडाशी रुळावर आडवा ठोकळा टाकायचा, खाली पळालेला टब मुद्दाम रुळावरून उतरवणारा सांधा बसवायचा. चढणीवर शेवटच्या टबाच्या मागे एक लोखंडी दांडा बिजागरीवर लटकवायचा, तो जमिनीवर घासत येतो. याला बॅकस्टे म्हणतात. टब मागे घसरला की दांडा जमिनीत रुततो आणि टब थांबतो किंवा रुळावरून उतरतो. एवढा साधा दांडा, पण कोळसा खाणींच्या सुरक्षेच्या नियमांत त्याला जागा आहे.

आणि सगळ्यात साधी वस्तू म्हणजे चाकाच्या आऱ्यांमध्ये खुपसायचा लाकडी दांडका. नियमांच्या भाषेत स्प्रॅग. हातभर लांब, दोन्ही टोकं निमुळती. चाक तिथेच जखडतं. चाचांनी तो कसा धरायचा ते करून दाखवलं. तळहात मागे ठेवायचा, अंगठा वर घ्यायचा नाही, कारण चाक अर्धं फिरलं तर अंगठा आऱ्यात जातो. हे कुठल्या आराखड्यात असणार? कारखान्याने टब विकला, दांडका विकला नाही. तो तिथल्या सुताराने जंगलातल्या लाकडाचा केला. म्हणून कंपनीचा कॅटलॉग बघून मॉडेल करणाऱ्याला तो कधी सापडणार नाही.

म्हणून मी म्हणतो, दांडक्याशिवाय आणि बॅकस्टेशिवाय टब म्हणजे मेमेंटो. दिसायला टब आहे इतकंच.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. वाचकांत इएमई, सॅपर्स, ऑर्डनन्समधून निवृत्त झालेले बरेच जण आहेत, हातात कानस धरलेली मंडळी. त्यांना हे जमेल की नाही हा प्रश्नच नाही, फक्त सुरुवात कुठून करायची ते सांगतो.

प्रमाण मी १ फुटाला १६ मिलिमीटर घेतो, म्हणजे साधारण एकास एकोणीस. याचं कारण व्यवहारी आहे. दोन फूट गेज या प्रमाणात बरोबर ३२ मिलिमीटर येतो, आणि ३२ मिलिमीटरचे रूळ आणि चाकं ‘ओ’ गेज म्हणून जगभर बनतात. मिळाली तर घ्या, न मिळाली तर लेथवर करा. याहून लहान प्रमाणात कडी आणि हूक हातात नीट येत नाहीत, निवृत्त माणसाच्या डोळ्यांचाही विचार करायला हवा. याहून मोठ्या प्रमाणात बायको विचारते की हे ठेवायचं कुठे.

मापं इंचात घ्या. मेट्रिक पट्टी ठेवा पण विचार इंचात करा, कारण वस्तू इंचात बनलेली आहे. चाकाचा व्यास थेट मोजता येत नसेल तर घेरावर दोरी गुंडाळा. दोरी ९६ सेंटीमीटर भरली तर व्यास साडेतीस येतो, म्हणजे मूळचा १२ इंच, उरलेलं गंज आणि दोरीची जाडी. असे पूर्ण आकडे दिसायला लागले की समजायचं, बनवणाऱ्याच्या डोक्यातलं माप सापडलं. जिथे पूर्ण आकडा येत नाही तिथे जास्त लक्ष द्यायचं. तिथे कोणीतरी नंतर दुरुस्ती केलेली असते, फळी चढवलेली असते, पट्टी ठोकलेली असते. ती दुरुस्ती मॉडेलमध्ये आलीच पाहिजे.

पत्रा म्हणून तुपाचा किंवा तेलाचा डबा उत्तम, पातळ आहे आणि डाख छान घेतो. रिबीट म्हणजे पत्र्याखाली रबराचा तुकडा ठेवून बोथट सुईने मागून दाबलेला ठिपका. रिबिटं मोजून घ्या. लाकडाला सागाच्या पट्ट्या, आणि या प्रमाणात सागाचे रेषे जरा मोठे दिसतात म्हणून कानशीने घासून मारायचे. साखळी नकली दागिन्यांच्या दुकानात. कोळसा मात्र खराच घ्या, फोडून, चाळून. दगडी कोळसा लहान तुकड्यातही मोठ्यासारखाच तुटतो, त्याची चमक रंगाने येत नाही. वरच्या हिशोबातला २५ घनफुटी टब या प्रमाणात भरला तर आत ८० ग्रॅमच्या आसपास कोळसा बसतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून बघा. आकडा फार वेगळा आला तर पेटी पुन्हा मोजा.

गंजाबद्दल जरा जास्त लिहितो. माकुमच्या कोळशात राख कमी आणि गंधक भरपूर. त्यातून झिरपणारं पाणी आम्लारी असतं, खाणीजवळच्या ओढ्यात नारिंगी-पिवळा गाळ बसतो. असं पाणी टबाच्या तळाशी साचतं, त्यामुळे इथला टब खालून वर जातो. तळ चाळणी होतो तेव्हाही वरची कड धड असते. बाजारात गंजाच्या रंगाची बाटली मिळते, ती एकसारखी सगळीकडे फासली की तो टब कुठलाच राहत नाही. मी मीठ आणि व्हिनेगर लावून पत्रा खरंच गंजू देतो, तळाशी जास्त, वर कमी, पुरेसा गंजला की खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवून थांबवतो. पेटीच्या आतल्या बाजूला गंज जवळजवळ नको. वापरात असताना कोळसा घासून घासून आतला पत्रा उजळ ठेवतो. फावडं आतून जिथे आपटतं तिथे पत्रा बाहेर फुगतो. बाहेरचे पोचे दुसऱ्या टबाने दिलेले असतात. कुठला पोचा आतून आणि कुठला बाहेरून, हे बघता आलं की अर्धं मॉडेल झालं.

दोन आक्षेप मला नेहमी ऐकू येतात. एक तरुण पोरांचा. ‘सर, मोबाईलने स्कॅन करून प्रिंट काढा, एका रात्रीत होईल.’ करा ना, स्कॅन जरूर करा, मी विरोधात नाही. भंगारवाला येण्याआधी वेळ कमी असेल तर तेच करा. पण स्कॅनला कुठला भाग हलतो हे कळत नाही. एक चाक मोकळं आहे हे त्याला दिसत नाही. हाताने करणाऱ्याला प्रत्येक तुकडा कशाला आणि कसा जोडलाय हे ठरवावंच लागतं, आणि ठरवता येत नसेल तर जाऊन कोणाला तरी विचारावं लागतं. माझ्या बाबतीत ते विचारणं हाच या छंदाचा मोठा भाग झालाय. प्रिंट काढणारा चाचांकडे गेलाच नसता.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. मॉडेल करण्यात वेळ घालवण्यापेक्षा खरा टब वाचवा. वाचवता येत असेल तर नक्की वाचवा. मार्गेरिटात कोळसा वारसा उद्यान आणि संग्रहालय आहे, चांगली गोष्ट आहे, जाऊन बघा. पण संग्रहालयातला टब एका जागी उभा असतो, त्यालाही रंग लागतो, आतलं माप कोणी घेत नाही आणि त्याच्या बॅकस्टेला कोणी हात लावू देत नाही. शिवाय तो आसामात आहे. सहावीतल्या मुलाच्या हातात देऊन ‘हा उतारावर सोड, आता दांडका घाल’ असं म्हणता येतं ते मॉडेललाच. मी एक फळी तिरकी लावून, रूळ ठोकून, वर रिकाम्या दोऱ्याच्या रिळाचा हॉलेज केलाय. आमच्या लाइनीतल्या मुलांना त्यावर टब पळवायला फार आवडतं. पळालेला टब फळीच्या टोकाला ठेवलेल्या डाळीच्या दाण्यांवर आदळतो. दाणे म्हणजे माणसं, हे त्यांनीच ठरवलं. आता ती न सांगता आधी ठोकळा टाकतात.

फौजेचा या गाड्यांशी तसा जुना संबंध आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये खंदकांपर्यंत दारूगोळा पोचवायला ६० सेंटीमीटर गेजचे हलके रूळ मैलोन्मैल टाकले होते. खाणी आणि शेतमळ्यांवर चालणारीच ही पद्धत, फक्त कोळशाच्या जागी तोफगोळे आणि परतीच्या फेरीत जखमी. युद्ध संपल्यावर ते सामान लिलावात निघालं, त्यातली काही इंजिनं आपल्याकडे साखर कारखान्यांवर आली. तेव्हा रेजिमेंटच्या इतिहासाची आवड असलेल्यांनीही हा विषय परका समजू नये. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, ते बघून आलेल्या माणसाला तर वेगळं काही सांगायला नको.

एक सूचना मात्र कडक शब्दांत. बंद पडलेल्या इन्क्लाइनमध्ये माप घ्यायला जाऊ नका, अगदी दहा पावलंसुद्धा. आत प्राणवायू कमी असतो आणि तो कमी आहे हे नाकाला कळत नाही. बाहेर पडलेल्या टबालाही मॅनेजरच्या परवानगीशिवाय हात लावू नका, तो कितीही सडलेला असला तरी सरकारी मालमत्ता आहे. परवानगी मागितली तर बहुतेक ठिकाणी मिळते, वर चहाही मिळतो. पट्टी, खडू, दोरी, वही एवढं पुरतं. मॉडेल पूर्ण झालं की त्याच्या तळाशी कागद चिकटवा. कुठला टब, कधी मोजला, मूळ मापं काय, कोणती मापं अंदाजाने घेतली. अंदाजाची मापं लाल शाईने. पुढे कोणी तुमच्या मॉडेलवरून दुसरं करेल तेव्हा त्याला खरं कुठपर्यंत आणि तर्क कुठून हे कळलं पाहिजे.

माझा दुसरा टब आता चाकांपर्यंत आलाय. पेटी पहिल्यापेक्षा वेगळी आहे, वरची फळी नंतर चढवलेली आहे हे खिळ्यांवरून सरळ दिसतं. किती इंच ते अजून नीट मोजायचं आहे, पाऊस थांबला की जाईन.

बल्लारपूर, चंद्रपूर, उमरेडकडचे वाचक असतील तर एक विचारायचं आहे. तुमच्या घरात कोणी जमिनीखाली टबावर काम केलं असेल, तर त्या चाकात घालायच्या दांडक्याला तिकडे काय म्हणायचे? चाचा त्याला नुसतं ‘लकड़ी’ म्हणतात. तिकडे मराठी, तेलुगू, छत्तीसगढी माणसं एकाच पाळीत उतरायची, त्यांच्यात त्याला एखादं नाव नक्की असणार. कोणी घरात विचारून कळवलं, तर ते दुसऱ्या टबाच्या कागदावर लिहीन.